आयपीए म्हणजे काय? एका कॅनमागचा धंदा, हिशोब आणि जबाबदारी

"सर, आयपीएचा धंदा कसा आहे? ड्रम आणून बाटल्या भरल्या तर चालेल का?" हा प्रश्न मोबाईल रिपेअरिंगवाले विचारतात, क्लिनिंग प्रॉडक्ट विकणारे विचारतात आणि नवीन काही सुरू करायचं म्हणणारी पोरंही विचारतात. व्हिडिओत सगळं सांगता येत नाही. म्हणून आज जरा निवांत आणि आकड्यांसकट.

आधी नावाचा घोळ मिटवू. गुगलवर आयपीए टाकलं की कधी इंडिया पेल एल नावाची बिअर समोर येते. आपला आयपीए तो नाही. आपला आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. यालाच आयसोप्रोपेनॉल किंवा 2-प्रोपेनॉल असंही म्हणतात. नावात अल्कोहोल आहे, पण हे पिण्याचं नाही. एका थेंबाचंही नाही. हे वाक्य मी सुरुवातीलाच लिहितोय, कारण आपल्या यवतमाळ जिल्ह्यात 2021 साली तीन महिन्यांच्या आत दोन घटना घडल्या, ज्या या धंद्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायलाच हव्यात. त्यांच्याकडे येतोच.

अल्कोहोल हे आडनाव आहे

रसायनशास्त्रात अल्कोहोल हे एका मोठ्या कुटुंबाचं नाव आहे. आडनाव एक, पण घरातली माणसं वेगवेगळ्या स्वभावाची. आपल्या कामाचे तिघं भाऊ ओळखून ठेवा.

पहिला मिथेनॉल, म्हणजे मिथाइल अल्कोहोल. यात एक कार्बन. हा सगळ्यात घातक. शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड बनतं, डोळे जातात, जीव जातो. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, त्या दारूत मिथेनॉल होतं.

दुसरा इथेनॉल, म्हणजे इथाइल अल्कोहोल. दोन कार्बन. दारूत असतो तो हाच, आणि पेट्रोलमध्ये मिसळतात तोही हाच. दवाखान्यातलं स्पिरिट बहुतेक वेळा याचंच, फक्त कुणी पिऊ नये म्हणून त्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं असतं. याचा व्यवहार राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या नजरेखाली होतो. 1949 चा दारूबंदी कायदा इथे लागू होतो.

तिसरा आपला आयपीए. तीन कार्बन. पोटात गेला तर यकृत त्याचं अ‍ॅसिटोन करतं. हो, नेलपॉलिश काढायला वापरतात तेच. उलट्या, गुंगी, श्वास मंदावणं, आणि प्रमाण जास्त झालं तर जीवही जाऊ शकतो.

तिघंही दिसायला पाण्यासारखे. तिघांनाही उग्र वास. तिघंही पेट घेतात. बाटलीवर काही लिहिलेलं नसेल तर नुसतं बघून कोणता कोणता हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. मी नाही, तुम्ही नाही, वीस वर्षं केमिकल विकणारा व्यापारीही नाही. या धंद्यातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

आपल्या जिल्ह्यात काय झालं

31 जानेवारी 2021. पल्स पोलिओचा रविवार. घाटंजी तालुक्यातल्या कापसी कोपरी गावात पाच वर्षांखालच्या 12 बाळांना पोलिओच्या डोसऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करावं लागलं. सुदैवाने सगळी मुलं बरी होऊन घरी गेली.

त्यानंतर एप्रिल 2021. कोरोनाच्या निर्बंधांमुळे दारूची दुकानं बंद होती. वणीमध्ये दारू मिळत नाही म्हणून काही जणांनी सॅनिटायझर प्यायलं. सात माणसं गेली.

पहिल्या घटनेत कुणाला विष द्यायचं नव्हतं. दुसऱ्या घटनेतल्या माणसांना मरायचं नव्हतं. पण दोन्हीकडे सॅनिटायझर जिथे जायला नको तिथे गेलं. आता विचार करा. उद्या तुम्ही ड्रम आणून शंभर बाटल्या भरणार. त्या शंभर बाटल्या तुमच्या दुकानातून शंभर घरांत जाणार. तिथे लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, व्यसन असलेली माणसं आहेत. तिथे तुम्ही हजर नसणार. तुमचं लेबल हजर असणार.

आयपीए कुठे लागतो?

आता उपयोग बघू. मागणी कुठे आहे ते यातूनच कळेल.

मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंग: बोर्डवरचं फ्लक्स, पाणी गेलेल्या मोबाईलमधला गंज, हाताचा तेलकटपणा काढायला. आयपीए लवकर उडून जातो आणि मागे जवळपास काही सोडत नाही. इथे 99 टक्क्यांच्या वरचाच लागतो, कारण बोर्डवर पाणी नको. बोर्ड पूर्ण वाळल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही आणि ओल्या बोर्डवर हॉट एअर गन मारायची नाही.

प्रिंटिंग प्रेस: ऑफसेट मशीनमध्ये प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्यात थोडा आयपीए घालतात, पाणी प्लेटवर सारखं पसरतं. लग्नसराईत आणि निवडणुकीत प्रेसचं काम वाढतं, तेव्हा हा खपही वाढतो.

दवाखाना, लॅब, ब्युटी पार्लर: इंजेक्शनआधीचा बोळा, पृष्ठभाग आणि साधनं पुसणं. इथे साधारण 70 टक्क्यांचा लागतो.

औषध कंपन्या, शाई, रंग, परफ्यूम: हे मोठे ग्राहक. त्यांचा माल टँकरने जातो, आपण त्या रांगेत नाही.

मग 70 टक्के चांगला की 99? खूप लोकांना वाटतं, जितका जास्त टक्का तितके जास्त जंतू मरणार. तसं नाही. जंतूंमधली प्रथिनं बिघडवायला अल्कोहोलला पाण्याची मदत लागते. शिवाय 99 टक्क्यांचा इतक्या झपाट्याने उडतो की जंतूंवर काम करायला त्याला वेळच मिळत नाही. म्हणून जंतू मारायला 70, बोर्ड साफ करायला 99. दुकानात ग्राहकाला एवढं नीट सांगता आलं तरी तो पुढच्या वेळी तुमच्याकडेच येईल.

कुठे वापरू नये, तेही सांगा. अ‍ॅक्रिलिकच्या शीटवर मारला तर बारीक तडे जातात, शीट धुरकट होते. पॉलिश केलेल्या लाकडावर डाग पडतात. काही स्क्रीनवरचं कोटिंग निघतं. आणि ब्लिचिंग किंवा बाथरूम क्लिनरमध्ये हा कधीच मिसळायचा नाही, विषारी वाफा तयार होतात.

माल येतो कुठून?

आयपीए पेट्रोकेमिकल आहे. रिफायनरीतून मिळणाऱ्या प्रोपिलीन वायूपासून किंवा अ‍ॅसिटोनपासून तो बनतो. अमेरिकेत 1920 साली स्टँडर्ड ऑइलने प्रोपिलीनपासून तो मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. आपल्या राज्यात रायगड जिल्ह्यातल्या तळोजा इथे दीपक फर्टिलायझर्सचा आयपीए प्लांट आहे. गुजरातमध्ये दहेजला दीपक फेनॉलिक्स 2020 पासून अ‍ॅसिटोनपासून आयपीए बनवते. बाकी माल परदेशातून येतो.

म्हणजे भाव ठरतो तो कच्च्या तेलावर, डॉलरवर आणि आयातीवर. यवतमाळच्या बाजारात बसून आपण भाव ठरवू शकत नाही. ज्या धंद्यात खरेदीचा भाव आपल्या हातात नाही, तिथे एकदम दहा ड्रम भरून ठेवायचे नाहीत. एक संपत आला की दुसरा.

किलो आणि लिटर, इथेच गंमत आहे

आयपीए घाऊक बाजारात किलोवर मिळतो आणि आपण विकतो लिटरवर. पाण्याचं एक लिटर म्हणजे एक किलो. आयपीए हलका आहे. त्याचं एक लिटर साधारण 785 ग्रॅम भरतं. बाजारातला ड्रम बहुतेक 160 किलोचा असतो. 160 भागिले 0.785, म्हणजे जवळपास 204 लिटर.

आता समजण्यापुरता एक हिशोब मांडू. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही चालू भाव विचारून बदला. जीएसटी बाजूला ठेवलाय.

दर किलोला ₹100 धरला तर ड्रम ₹16,000. यवतमाळपर्यंत भाडं ₹1,200. अर्ध्या लिटरच्या 400 बाटल्या भरल्या, म्हणजे 200 लिटर. वरचे चार लिटर उडण्यात आणि सांडण्यात गेले असं धरा, कारण जाणारच. बाटली, घट्ट झाकण, लेबल आणि बॉक्स मिळून नगाला ₹14, म्हणजे ₹5,600. एकूण ₹22,800. एका बाटलीची किंमत ₹57.

दुकानदाराला ₹75 ने दिली तर बाटलीमागे ₹18 आणि 400 बाटल्यांचे ₹7,200. यातून मजुरी, भाडं, गाडीचं पेट्रोल आणि उधारी वजा करा.

या हिशोबात दोन गोष्टी बघा. पहिली, ₹57 पैकी ₹14 म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा बाटली आणि लेबलचा आहे. खर्च कमी करायचा म्हटलं की सगळ्यांची नजर नेमकी इथेच जाते. "सर, रद्दीवाल्याकडून पाण्याच्या बाटल्या घेतल्या तर?" असं मला थेट विचारलेलं आहे. माझं उत्तर प्रत्येक वेळी तेच: मग हा धंदा करू नका. पाण्याच्या बाटलीत पाण्यासारखी दिसणारी वस्तू भरणं म्हणजे कुणाच्या तरी घरात सापळा लावणं आहे.

दुसरी गोष्ट, 400 बाटल्या घेणार कोण? एक मोबाईलवाला महिन्याला एक बाटली घेतो असं धरलं, तर 100 मोबाईलवाले आणि चार महिने. आधी शहरात फिरा, दुकानं मोजा, वहीत लिहा. ड्रम नंतर.

परवान्याचा भाग, इथे घाई नको

या धंद्यात उतरायच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी: नामांकित कंपनीच्या सीलबंद बाटल्या आणून विकणं. भांडवल कमी, जोखीम कमी. माझा सल्ला, इथूनच सुरुवात करा. सहा महिन्यांत तुमचा ग्राहक कोण हे तुम्हाला कळेल.

दुसरी पायरी: साफसफाईसाठीचा आयपीए स्वतः पॅक करणं. पॅकिंग केलं की पॅकबंद वस्तूंचे 2011 चे वैध मापन नियम लागू होतात. पॅकर म्हणून नोंदणी करावी लागते. लेबलवर पॅकरचं नाव आणि पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ माप, महिना आणि वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठीचा संपर्क हवा. काटा आणि माप प्रमाणित करून घ्या. आणि मोठा साठा ठेवण्याआधी नगरपरिषद आणि अग्निशमन विभागात विचारा.

तिसरी पायरी: सॅनिटायझर बनवणं. इथे लोक फसतात. 99 टक्क्यांचं 70 टक्के करणं सोपं आहे: 707 मिली आयपीए घ्या आणि शुद्ध पाणी घालून एकूण एक लिटर करा. पण त्यावर "जंतुनाशक" किंवा "सॅनिटायझर" लिहिलं की विषय बदलतो. तिथे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा येतो, उत्पादनाला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. 27 जुलै 2020 ला केंद्राने सॅनिटायझरच्या विक्रीला परवान्यातून सूट दिली होती. ती विक्रीपुरती होती, बनवण्यासाठी नव्हती. अनेकांनी "सूट मिळाली" एवढंच ऐकलं.

त्याच वर्षाचा आणखी एक धडा. मार्च 2020 मध्ये सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तू ठरलं आणि 200 मिलीला ₹100 ही वरची मर्यादा घातली गेली. मागणी वाढली तरी मनाला येईल तो भाव लावता आला नाही. पुढे मागणीही ओसरली. अचानक आलेली मागणी बघून मशीन आणि जागा घेऊ नका. रोजच्या, कंटाळवाण्या मागणीवर दुकान चालतं.

ड्रम घेताना काय बघायचं?

व्यापारी म्हणेल, "भाऊ, एक नंबर माल आहे." तोंडी शब्दावर जायचं नाही. तीन कागद मागा: पक्कं बिल, त्या बॅचचा तपासणी दाखला आणि सुरक्षा माहितीपत्रक, ज्याला एसडीएस किंवा एमएसडीएस म्हणतात. मग ड्रमवरचा बॅच नंबर दाखल्याशी जुळवा.

दोन नंबर पाठ करून ठेवा. प्रत्येक रसायनाचा एक सीएएस नंबर असतो, आधार नंबरसारखा. आयपीएचा आहे 67-63-0. मिथेनॉलचा आहे 67-56-1. दोन्ही 67 ने सुरू होतात, म्हणून पूर्ण वाचा. इथेनॉलचा 64-17-5. वाहतुकीसाठी ड्रमवर यूएन नंबरही असतो: आयपीएचा 1219, मिथेनॉलचा 1230, इथेनॉलचा 1170. कागदावर एक आणि ड्रमवर दुसरा असेल तर माल उतरवून घेऊ नका. आणि सील तुटलेला, लेबल खरवडलेला स्वस्त ड्रम मिळत असेल तर तो स्वस्त का आहे, याचा विचार घरी बसून करा, बाजारात नको.

वास घेऊन किंवा काडी लावून ओळखायचा प्रकार कुणी करत असेल तर तिथून बाजूला व्हा. शंका असेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

आग: डिसेंबरातही आणि मे महिन्यातही

आयपीएची वाफ साधारण 12 अंश सेल्सिअसला पेट घेण्याइतकी तयार होते. आपल्याकडे हिवाळ्यातल्या काही पहाटा सोडल्या तर वर्षभर तापमान याच्या वरच असतं. मे महिन्यात तर पारा 42 च्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये बंद ड्रम ठेवून तुम्ही काय करताय ते समजून घ्या. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते.

म्हणून भरायचं काम हवेशीर जागेत, सावलीत. जवळ गॅस, अगरबत्ती, बिडी, स्विचबोर्ड, इन्व्हर्टर काही नको. धातूच्या ड्रमला अर्थिंग द्या. पेट्रोल काढतात तशी तोंडाने नळी ओढायची नाही, हातपंप घ्या. डोळ्यांना चष्मा, हातात केमिकलचे हातमोजे. पावडर किंवा सीओटू प्रकारचं अग्निशामक हाताशी ठेवा, आणि ते चालवता येणारा माणूसही. दुकानातच राहत असाल, खाली दुकान वर घर असेल, तर ड्रमचा विचार सोडा. सीलबंद बाटल्याच विका.

लेबलवर मी काय छापायला सांगतो?

कायद्याला लागतं ते छापाच. त्याच्या वर मराठीत, मोठ्या अक्षरांत, चार ओळी हव्या: "पिण्यासाठी नाही. विषारी. ज्वलनशील. मुलांपासून दूर ठेवा." पाचवी ओळ: "पोटात गेल्यास उलटी करवू नका, ही बाटली सोबत घेऊन लगेच दवाखान्यात जा." डॉक्टरला बाटली दिसली की उपचाराची दिशा लवकर ठरते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आगीचं आणि धोक्याचं चिन्ह. लेबल ओलं झालं तरी शाई उडणार नाही याची खात्री करा. गंमत म्हणजे साधी शाई आयपीएनेच पुसली जाते. एक बाटली छापून घ्या, वरून आयपीए ओता, कपड्याने घासा. अक्षरं राहिली तरच पुढची ऑर्डर द्या.

आणि काउंटरवर एक नियम पाळा. रिकामी बाटली घेऊन "यात शंभराचं द्या" म्हणणाऱ्याला सुटा माल द्यायचा नाही. ग्राहक ओळखीचा असला तरी नाही. तो नाराज होईल, कदाचित दुसरीकडे जाईल. जाऊ द्या.

या आठवड्याचं काम

धंदा करायचा विचार पक्का असेल तर पुढच्या सात दिवसांत एवढं करा. आपल्या शहरातल्या 25 मोबाईल रिपेअरिंगवाल्यांना आणि 5 प्रेसवाल्यांना भेटा. ते आत्ता काय वापरतात, किती वापरतात, कितीला घेतात, एवढंच लिहा. नागपूरच्या दोन व्यापाऱ्यांकडून कोटेशन घ्या आणि सोबत तपासणी दाखल्याची नक्कल मागा. जो दाखला द्यायला टाळाटाळ करेल त्याचं नाव खोडा. मग जिल्ह्याच्या वैध मापन आणि अन्न व औषध प्रशासन कार्यालयात जाऊन आपला बेत तोंडी सांगा आणि काय लागेल ते विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आयपीए कुणीही मागवू शकतो. ऑनलाइनही मिळतो, कदाचित तुमच्यापेक्षा चार रुपये कमी भावात. तरीही ग्राहक तुमच्याकडे येईल, कारण तुम्ही त्याला विचाराल, "कशासाठी पाहिजे?" त्याचं उत्तर ऐकून तुम्ही 70 ची बाटली द्याल, 99 ची द्याल, किंवा कधी म्हणाल, "हे तुमच्या कामाचं नाही." पहिल्या महिन्यात असं म्हणणं जड जाईल. तरी म्हणा. दुकान त्यावरच उभं राहतं.